क्रिव्काचं चर्च ल्विवला गेलं, गाव मागे राहिलं

युक्रेनच्या पश्चिम टोकाला कार्पेथियन डोंगरांत तुर्का नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या परिसरातल्या क्रिव्का गावात १७६३ मध्ये सेंट निकोलसच्या नावानं एक लाकडी चर्च बांधलं गेलं. १९३० मध्ये ते ओंडका ओंडका सुटा करून उतरवलं आणि ल्विव शहराच्या कडेला, झाडीनं भरलेल्या टेकडीवर पुन्हा उभं केलं. ते आजही तिथंच आहे. ल्विवला गेलेले पर्यटक त्याचे फोटो काढतात, ईस्टरला त्याच्याभोवती मुली फेर धरून वसंताची गाणी म्हणतात. हे चर्च मुळात इथलं नाही, ही गोष्ट मात्र फलक वाचल्याशिवाय कळत नाही.

वारसा जतनाच्या चर्चेत क्रिव्काचं नाव नेहमी यशाच्या रकान्यात येतं. एक सुंदर वास्तू नष्ट होणार होती, जाणत्या लोकांनी ती वाचवली, असा त्याचा सारांश. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. क्रिव्काशेजारी त्याच शैलीच्या आणखी दोन चर्चांची गोष्ट ठेवली की उरलेला अर्धा दिसू लागतो. क्रिव्कात चर्च गेलं आणि गाव राहिलं. सीमेपलीकडच्या स्मोल्निकमध्ये चर्च राहिलं आणि गाव गेलं. तुर्का भागातल्याच मात्किवमध्ये दोन्ही जागेवर राहिली. तिन्ही ठिकाणी सुतारकाम एकाच परंपरेचं, त्यामुळे तुलना करायला फार ओढाताण करावी लागत नाही.

बॉयको सुतारांचं गणित

दनिस्टर, स्त्रिय आणि सान या नद्या जिथं उगम पावतात त्या डोंगराळ पट्ट्यात बॉयको लोक राहतात. पूर्वेला हुत्सुल, पश्चिमेला लेम्को. तिघेही स्लाव्ह, तिघांची बोली वेगळी, पेहराव वेगळा आणि चर्च बांधायची पद्धतही वेगळी. हुत्सुल चर्च क्रुसाच्या आकाराचं असतं आणि मधोमध एकच घुमट. यासिन्या गावातलं १८२४ चं चर्च हा त्याचा चांगला नमुना. बॉयको चर्चमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन चौकोनी खोल्या एका ओळीत येतात आणि प्रत्येक खोलीवर स्वतंत्र शिखर असतं. मधलं सर्वांत रुंद आणि सर्वांत उंच.

पहिली खोली बाबिनेत्स. पूर्वी बायका इथं उभ्या राहत. मधली नावा, म्हणजे मुख्य सभागृह, आणि पूर्वेची विव्तार, म्हणजे गाभारा. गाभारा आणि सभागृह यांच्यामध्ये इकोनोस्तास, पवित्र चित्रांची उभी लाकडी भिंत. तिच्या मधल्या दारातून धर्मगुरू आत-बाहेर करतात, बाकीचे लोक अलीकडे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत बसायची बाकं मुळात नसतातच, प्रार्थना उभ्यानं होते. म्हणून बाहेरून एवढी उठून दिसणारी ही इमारत आतून अगदी लहान असली तरी चालून जाई.

भिंती आडव्या ओंडक्यांच्या. लाकूड डोंगरात मिळेल ते, म्हणजे बहुतेक स्प्रूस किंवा फर. जमिनीलगतच्या पहिल्या थराला जमेल तिथं ओक वापरायचा, कारण ओल आधी तिथंच लागते. ओंडके कुऱ्हाडीनं तासून चपटे करायचे आणि एकावर एक रचत जायचे. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके एकमेकांत अडकवायचे. खाच अशा कोनात कापायची की वरून भार आला की सांधा सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतो. वरच्या आणि खालच्या ओंडक्यात मधूनमधून लाकडी खुंट्या, म्हणजे भिंत सरकत नाही. लोखंडी खिळा भिंतीत लागतच नाही. पर्यटकांना सांगताना याचा चमत्कार केला जातो. सुताराच्या दृष्टीनं त्यात चमत्कार काही नव्हता. लोखंड महाग होतं, शिवाय ओल्या लाकडात खिळा गंजतो आणि आजूबाजूचं लाकूडही कुजवतो.

खरी करामत वर आहे. चौकोनी खोलीच्या भिंती ठरावीक उंचीला पोचल्या की ओंडके आतल्या बाजूला कलत जातात आणि चौकोन लहान होतो. मग थोडी सरळ उभी भिंत, मग पुन्हा कल, पुन्हा सरळ. या प्रत्येक मोडीला झालोम म्हणतात. बाहेरून पाहिलं तर एकावर एक छपरं ठेवल्यासारखी दिसतात, आणि पाश्चात्त्य प्रवाशांना हमखास पॅगोडा आठवतो. ही आठवण दिशाभूल करणारी आहे. बॉयको सुतारांनी पूर्व आशियातलं काही पाहिलेलं नव्हतं. आडव्या ओंडक्यांनी वर निमुळतं होत जायचं असेल आणि पाऊस-बर्फ झटपट खाली उतरवायचं असेल, तर हाताशी असलेल्या साहित्यातून हाच आकार निघतो.

बऱ्याच बॉयको चर्चांत या टप्प्यांना मध्ये छत नसतं. सभागृहात उभं राहून मान वर केली की नजर एकेका मोडीवरून चढत थेट टोकापर्यंत जाते. वरच्या उभ्या पट्ट्यांत छोट्या खिडक्या असतात, त्यामुळे खाली अंधार आणि वर उजेड. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा अरुंद असल्यानं उंची आहे त्याहून बरीच जास्त भासते. खालच्या माणसाला लहान करून सोडणारं हे दृश्य सुतारानं कागदावर आखलेलं नव्हतं. खालच्या चौकोनाची बाजू हे मूळ माप धरायचं आणि बाकीची मापं त्यातून दोरीनं काढायची, अशी ही पिढीजात रीत.

भिंतींच्या खालच्या भागाभोवती चारी बाजूंनी रुंद पागोळ्यांचं छप्पर फिरतं, ओपासान्न्या. ते पेलायला वेगळे खांब लागत नाहीत. कोपऱ्यावरचे वरचे ओंडके भिंतीबाहेर लांब ठेवलेले असतात, प्रत्येक खालच्यापेक्षा थोडा जास्त, आणि त्यांच्या टोकांवर छप्पर बसतं. या छपराखाली लांबून आलेले लोक पावसात थांबत, सणाला गर्दी झाली की उरलेले तिथूनच प्रार्थना ऐकत. खालचे ओंडके कोरडे ठेवणं हे त्याचं मुख्य काम. ओपासान्न्या काढून टाकलेल्या चर्चचे तळाचे थर फार लवकर कुजतात.

घंटेचा मनोरा वेगळा, चर्चपासून थोडा दूर, आणि त्याची बांधणीही निराळी. तिथं आडवे ओंडके चालत नाहीत. जड घंटा हलली की सगळी इमारत हेलकावे खाते, म्हणून उभे खांब आणि तिरपे टेकू यांचा सांगाडा करतात आणि वरून फळ्या मारतात.

छपरावर गोंत, म्हणजे लाकडाच्या फोडलेल्या पट्ट्या. करवतीनं कापल्या तर तंतू तुटतात आणि पाणी आत शिरतं, म्हणून ओंडका तंतूंच्या दिशेनं फोडायचा. पट्टीच्या एका कडेला खाच, दुसरी कड पातळ, एकीची कड दुसरीच्या खाचेत. उन्हापावसानं त्या रुपेरी करड्या होतात आणि साधारण एका पिढीत बदलाव्या लागतात. प्रत्येक पिढीनं एकदा तरी छप्पर करायचं, हे या वास्तूच्या रचनेतच गृहीत आहे. तळाचा कुजलेला ओंडकाही बदलता येतो. इमारत टेकूंवर उचलायची, खराब थर काढायचा, नवा सरकवायचा. अडीचशे वर्षांच्या चर्चमध्ये १७६३ चं लाकूड किती, या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे नेहमीच ‘काही भाग’ असं असतं.

आणि हेच बांधकाम सुटंही होतं. ओंडक्यांवर खुणा करायच्या, वरून एकेक थर उतरवायचा, गाडीत घालायचा आणि दुसरीकडे त्याच क्रमानं रचायचा. दगडी चर्चच्या बाबतीत हा विचारही कुणी केला नसता.

विकलेली, दिलेली, नेलेली चर्चं

चर्च हलवणं ही विसाव्या शतकातल्या संग्रहालयवाल्यांची कल्पना नव्हे. गाव मोठं झालं, जुनं चर्च अपुरं पडू लागलं की नवं बांधायचं आणि जुनं गरीब शेजारी गावाला विकायचं, हा कार्पेथियन भागातला जुना व्यवहार. द्रोहोबिच या मिठाच्या शहरातलं सेंट जॉर्जचं प्रसिद्ध चर्च सतराव्या शतकात नादियिव या गावातून आणलेलं आहे. त्याची किंमत मिठात चुकती केली, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

याहून लांबचा प्रवास मेद्वेदिव्त्सीच्या चर्चनं केला. सतराव्या शतकात ते वेलिकी लुच्की या गावात बांधलं गेलं, १७९३ मध्ये मेद्वेदिव्त्सी गावानं ते घेतलं आणि १९२९ मध्ये ते थेट प्रागला पोचलं. त्या काळी हा डोंगरपट्टा चेकोस्लोव्हाकियात होता. १९३० च्या दशकात दोब्रिकोव, ब्लान्स्को अशा चेक गावांतही इथली चर्चं गेली. राजधानीच्या लोकांना आपल्या देशाच्या पूर्व टोकाची ओळख व्हावी हा हेतू असेलही. पण देशाच्या सर्वांत गरीब भागातल्या सर्वांत सुंदर वस्तू उचलून श्रीमंत भागात नेणं हा त्याचा दुसरा अर्थ, आणि तो पुसता येत नाही.

क्रिव्का तेव्हा पोलंडमध्ये होतं. त्याच्या चर्चनं एका जागी उभं राहून बरीच राज्यं पाहिली होती. बांधलं तेव्हा पोलंड-लिथुआनियाचं संयुक्त राज्य होतं. नऊच वर्षांनी, १७७२ च्या पहिल्या फाळणीत, गॅलिशिया हा सगळा प्रांत ऑस्ट्रियाकडे गेला. १९१४-१५ च्या हिवाळ्यात जवळच्या उझोक खिंडीसाठी ऑस्ट्रिया-हंगेरी आणि रशिया यांच्यात बर्फातली भयानक लढाई झाली आणि या डोंगरातली गावं त्यात भरडली गेली. युद्धानंतर पोलंड.

धर्माच्या बाबतीत गाव ग्रीक कॅथलिक. म्हणजे विधी, भाषा, इकोनोस्तास, लग्न करू शकणारे धर्मगुरू, सगळं पूर्वेकडचं, पण निष्ठा रोमच्या पोपशी. १५९६ च्या ब्रेस्त कराराचं हे फलित. पुढे जे घडलं ते या मधल्या जागेमुळेच घडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिशियातल्या गावागावात जुनी चर्चं पाडायची लाट आली होती. लोकसंख्या वाढली होती, अमेरिकेला गेलेल्यांचे डॉलर येत होते, शिकलेल्या धर्मगुरूंना मोठ्या घुमटांची, विटांची, ऐटदार इमारत हवी होती. जुनं चर्च म्हणजे काळोखं, बुटकं, गरिबीची आठवण करून देणारं. गावकऱ्यांना नावं ठेवायचा मोह इथं फार होतो, पण तो टाळलेला बरा. त्यांच्या लेखी पवित्र होती ती जागा आणि तिथली प्रार्थना. तासलेलं लाकूड पवित्र मानायची दृष्टी शहरातून आली, आणि तीसुद्धा उशिरा.

द्राहान आणि शेप्टित्स्की

ती दृष्टी ज्यांच्याकडे होती त्यांपैकी एक मिखाइलो द्राहान. ल्विवच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम करणारा हा कला-इतिहासकार गावोगाव फिरून लाकडी चर्चांची मापं घेत होता, फोटो काढत होता. १९३७ मध्ये त्यानं युक्रेनी लाकडी चर्चांवर दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानं पाहिलेल्या कित्येक इमारती आज नाहीत, त्यामुळे त्याच्या नोंदी हाच आता त्यांचा पुरावा.

दुसरे मेत्रोपोलित आंद्रेय शेप्टित्स्की. १९०१ पासून १९४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ग्रीक कॅथलिक चर्चचे प्रमुख होते. सरदार घराण्यात जन्म, हाताशी पैसा, कलेची जाण. १९०५ मध्ये त्यांनी स्थापन केलेलं चर्च-संग्रहालय पुढे ल्विवचं राष्ट्रीय संग्रहालय झालं. इलारिओन स्व्येंत्सित्स्की यांनी ते दीर्घकाळ चालवलं. गावांत अडगळीत पडलेली, सरपणात जाणारी जुनी धार्मिक चित्रं तिथं हजारोंनी गोळा झाली. पण चित्र भिंतीला टांगता येतं, चर्च कुठं ठेवायचं?

युरोपात याला एक उत्तर मिळालेलं होतं. नॉर्वेतल्या वांगचं लाकडी चर्च १८४० च्या दशकातच प्रशियाच्या राजानं विकत घेऊन आजच्या पोलंडमधल्या कार्पाच इथं उभं केलं होतं. १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे खुलं संग्रहालय सुरू झालं आणि गावातली घरं, गिरण्या, चर्चं एका आवारात मांडायची कल्पना सगळीकडे पसरली. ल्विवच्या मंडळींना तसंच काहीतरी हवं होतं.

क्रिव्काच्या चर्चपुढे खरं तर तीन वाटा होत्या. गावातच दुरुस्ती करणं, तपशीलवार मोजमाप करून पाडू देणं, किंवा हलवणं. पहिली वाट सर्वांत चांगली, आणि तीच सर्वांत अवघड, कारण तिच्यासाठी गावाची इच्छा लागते आणि दर काही वर्षांनी पैसा लागतो. पोलंडच्या सरकारला युक्रेनी गावांतल्या चर्चांबद्दल किती आस्था होती, हे पुढे दिसलंच. १९३८ च्या उन्हाळ्यात खेल्म आणि दक्षिण पोदलासी भागात शंभराहून जास्त ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या पंथाची, चर्चं अधिकाऱ्यांच्या हुकुमानं पाडली गेली. दुसरी वाट द्राहान इतर अनेक ठिकाणी नाइलाजानं चालतच होता. क्रिव्कासाठी तिसरी निवडली गेली. पैसे शेप्टित्स्कींनी दिले आणि चर्च ल्विवच्या कायझरवाल्ड टेकडीवर स्तुदित संन्याशांच्या वापरासाठी उभं राहिलं.

या निर्णयातला हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. चर्च संग्रहालयाच्या ताब्यात गेलं नाही, तर पूजाअर्चा करणाऱ्या लोकांकडे गेलं. शेप्टित्स्कींनीच पुनरुज्जीवित केलेला हा संन्यासी संघ साध्या राहणीचा, शेती आणि हातकाम करणारा. गाव सुटलं तरी घंटा, धूप, रोजची प्रार्थना सुटली नाही. प्रागच्या टेकडीवरच्या चर्चला हे भाग्य कित्येक दशकं मिळालं नाही.

१९३९ नंतर

पण बेत फार दिवस टिकला नाही. १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्य आलं, १९४१ मध्ये जर्मन, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. मार्च १९४६ मध्ये ल्विवला भरवलेल्या धर्मसभेत ग्रीक कॅथलिक चर्च रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन झाल्याचं जाहीर करण्यात आलं. सगळे बिशप आधीच तुरुंगात होते, त्यामुळे विरोध करायला उरलं कोण. मेत्रोपोलितांचे धाकटे भाऊ क्लिमेंती शेप्टित्स्की स्तुदितांचे प्रमुख होते. युद्धाच्या काळात त्यांनी ज्यू मुलांना मठांत लपवलं होतं, त्याबद्दल पुढे इस्रायलनं त्यांचा मरणोत्तर गौरव केला. सोव्हिएतांनी त्यांना पकडलं आणि १९५१ मध्ये व्लादिमिरच्या तुरुंगात ते गेले.

मठ बंद, संन्यासी गेलेले, चर्च टेकडीवर एकटं. द्राहान १९५२ मध्ये वारला. ज्या खुल्या संग्रहालयाचं ते पहिलं दालन व्हायचं होतं, ते १९७१ मध्ये सोव्हिएत राजवटीतच स्थापन झालं. धर्माशी वैर धरणाऱ्या राजवटीनं चर्चला ‘लोकवास्तुकलेचा नमुना’ म्हणून मान्यता दिली. ही पळवाट जतन करणाऱ्या वास्तुविशारदांनी पुरेपूर वापरली. सुतारांच्या प्रतिभेबद्दल हवं तेवढं बोलता येत होतं, फक्त सुतारानं ते कशासाठी बांधलं हे सांगायचं नव्हतं. ‘शेवचेंकोची राई’ या नावानं लोक ओळखतात त्या या संग्रहालयात बॉयको, लेम्को, हुत्सुल, पोलिस्या अशा भागांतली घरं, गिरण्या, शाळा आणि आणखी चर्चंही आली. आज संग्रहालयाला क्लिमेंती शेप्टित्स्की यांचंच नाव आहे. सोव्हिएत सत्ता ढासळल्यावर क्रिव्काच्या चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना सुरू झाली.

आता गंमत बघा. हे चर्च क्रिव्कातच राहिलं असतं तर? डोंगरातली पुष्कळ चर्चं ऑर्थोडॉक्स म्हणून चालू राहिली, पुष्कळ बंद होऊन कोठारं झाली, काही जळाली, काही नुसती गळून पडली. यांतलं काय क्रिव्काच्या वाट्याला आलं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ‘हलवलं म्हणून वाचलं’ हे वाक्य मी सावधपणे वापरतो. १९३० मध्ये हलवणाऱ्यांना सोव्हिएत काळ दिसत नव्हता. त्यांनी जो धोका ओळखला होता तो पाडापाडीचा आणि दुर्लक्षाचा.

स्मोल्निक आणि मात्किव

स्मोल्निकचं चर्च १७९१ चं. सान नदीच्या वरच्या खोऱ्यात, क्रिव्काच्याच परंपरेतलं, तीन खोल्या आणि तीन पायऱ्यांची छपरं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जागा सोव्हिएत हद्दीत आली. १९५१ मध्ये पोलंड आणि सोव्हिएत युनियन यांनी जमिनीची अदलाबदल केली, दोन्हीकडे ४८० चौरस किलोमीटर. पोलंडनं कोळशाचा पट्टा दिला आणि डोंगराचा हा तुकडा घेतला. लोकांना त्या व्यवहारात मोजलं गेलं ते हलवायचं सामान म्हणून. इथल्या युक्रेनी गावकऱ्यांना सोव्हिएत युक्रेनच्या दक्षिणेकडच्या सपाट, झाडं नसलेल्या मुलखात पाठवलं. स्मोल्निकचं चर्च टेकडीवर तसंच राहिलं, खाली गाव नाही. १९७० च्या दशकात ते रोमन कॅथलिक पंथाकडे गेलं आणि त्यामुळे त्याची निगा राहिली. पोलंडच्या बाजूला बॉयको शैलीची फार थोडी चर्चं शिल्लक आहेत, त्यांत हे अव्वल. २०१३ मध्ये युनेस्कोनं पोलंड आणि युक्रेनमधली मिळून सोळा लाकडी चर्चं जागतिक वारसा ठरवली, आठ इकडची, आठ तिकडची. त्यांत स्मोल्निक आहे.

वास्तू मूळ जागेवर असावी, या कसोटीला स्मोल्निक शंभर टक्के उतरतं. उतारा तोच, नदी तीच, पायाही तोच. पण ज्यांच्या आजोबांनी ते बांधलं ते लोक कुठल्या कुठे. क्रिव्कावाल्यांना निदान गाव राहिलं.

त्याच यादीत मात्किवही आहे. तुर्का भागातलं हे चर्च १८३८ चं, म्हणजे क्रिव्कापेक्षा पंचाहत्तर वर्षांनी तरुण. परंपरा इतकी पक्की की पाऊण शतकानंतरही सुतारांनी तोच आराखडा धरला, फक्त शिखरं जास्त सडपातळ आणि उंच केली. चर्च जागेवर आहे, गाव जागेवर आहे आणि दोघांचं नातं चालू आहे. कुंपणाच्या आत गावाचं सगळं काही घडतं. बाप्तिस्मा, लग्न, मयत. युनेस्कोच्या यादीत क्रिव्काला मात्र जागा नाही. स्थळ आणि वास्तू यांचं नातं तुटलेलं असलं की अशा यादीत शिरणं जवळपास अशक्य. द्रोहोबिचचं चर्च यादीत आहे आणि तेही हलवलेलं आहे, पण सतराव्या शतकात. किती जुनं स्थलांतर इतिहास म्हणून चालतं आणि किती नवं चालत नाही, याचं तर्कशुद्ध उत्तर मला कुठं मिळालेलं नाही.

निर्णयाचा हिशेब

हलवल्यामुळे क्रिव्कानं काय गमावलं, हे ल्विवच्या टेकडीवर उभं राहून कळत नाही. बॉयको गावात चर्च उंचवट्यावर, जुन्या झाडांच्या कड्यात असतं, भोवती थडगी. खालच्या रस्त्यानं येणाऱ्याला आधी टोकं दिसतात, मग छपरं, शेवटी भिंत. त्याची उंची त्या दरीच्या आणि खालच्या ठेंगण्या घरांच्या हिशेबानं ठरलेली होती. ल्विवला ते झाडीत आहे, लोक जवळून पाहतात, वर मान करून. सुतारकाम पूर्ण समजतं. दुरून दिसण्यासाठी ते बांधलं होतं, तो भाग गेला.

दुसरं नुकसान सहसा कुणी मोजत नाही. दर पिढीला छप्पर करायचं म्हणजे दर पिढीतल्या चार पोरांना पट्टी कशी फोडायची, खाच कशी काढायची हे शिकावं लागायचं. चर्च गेलं की ते शिकणंही थांबलं. ल्विवला ते काम पगारी कारागीर करतात आणि उत्तम करतात, पण गावाकडे ते परत जात नाही.

आणि हलवलेलं चर्च सुरक्षित असतं, हाही भरवसा धरू नये. प्रागच्या टेकडीवरचं मेद्वेदिव्त्सीचं चर्च दोन स्थलांतरांतून, दोन महायुद्धांतून वाचलं आणि २८ ऑक्टोबर २०२० ला आगीत जळालं. मोठ्या राजधानीच्या मधोमध, अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर असताना. वाळलेलं जुनं लाकूड पेटलं की फार वेळ देत नाही.

एवढं सगळं धरूनही १९३० च्या निर्णयाला मी योग्यच म्हणेन. पैसा देणारा एक माणूस होता, अभ्यास असलेला एक माणूस होता, आणि चर्च वापरतं ठेवणारे संन्यासी होते. तिन्ही एकत्र येणं दुर्मीळ. यातला संन्याशांचा भाग वगळून बाकीचं अनुकरण ज्यांनी केलं, त्यांच्या हाती बहुधा सुबक, थंड, कुलूपबंद इमारती आल्या.

मात्किवचा प्रश्न, म्हणजे जागेवरचं चर्च गावानं कसं जपायचं हा, मात्र क्रिव्कानं सुटत नाही, आणि तुर्का भागातल्या, डोंगरापलीकडच्या झाकार्पात्त्या प्रांतातल्या बहुतेक गावांचा प्रश्न मात्किवसारखाच आहे. फक्त या गावांकडे मात्किवसारखा युनेस्कोचा शिक्का नाही. गोंतचं छप्पर गळू लागलं की गावापुढे पत्रा असतो. स्वस्त, झटपट, पुढची कित्येक वर्षं बघायला नको. चकचकीत सोनेरी पत्र्याची तर हौसच आहे, कारण लांबून घुमट सोन्याचा वाटतो. पत्र्याखाली दमटपणा कोंडतो, पाणी आतून धरतं, आणि वरून सगळं लखलखत असताना खालचे ओंडके भुसभुशीत होत जातात. भिंतींना फळ्या किंवा प्लास्टिकची पट्टी ठोकली तर कूज दिसतही नाही. गाव हे चर्चवरच्या प्रेमानंच करतं, वर्गणी काढून करतं, म्हणून कायद्याचा बडगा दाखवून ते थांबत नाही.

जिथं एखादा धर्मगुरू किंवा एखादा सुतार गोंतचा आग्रह धरतो तिथं काम वेगळं होतं. पत्रा काढला की आधी तळाचा थर तपासावा लागतो, ओपासान्न्या कापलं असेल तर परत जोडावं लागतं, छताच्या आतली हवा खेळती करावी लागते, आणि मगच पट्ट्या. खर्च पत्र्याच्या कितीतरी पट. तो कुणी द्यायचा, हा वाद गावाच्या सभेत सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी तिथंच अडकतो. शेप्टित्स्कींसारखा एकरकमी पैसे देणारा सापडला तरी तो एकाच छपराचे देईल. पुढच्या पिढीच्या छपराचे पैसे गावालाच उभे करावे लागणार, आणि या डोंगरातली तरुण मंडळी कामासाठी पोलंड-चेकियाला जायला लागून आता बरीच वर्षं झाली.